दुधाच्या पिशवीचा कोपरा

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी चालायला जाण्याची माझी सवय आता बरीच जुनी झाली आहे. काजळी नदी समुद्राला मिळते तिथून निघायचे, सुरूच्या बनाच्या कडेने झरी विनायकाच्या देवळापर्यंत जायचे आणि ओहोटी असेल तर येताना ओल्या, घट्ट वाळूवरून परतायचे, हा माझा ठरलेला रस्ता. उधाणाच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी मुद्दाम वरच्या अंगाने, भरतीच्या रेघेवरून चालते. पाणी जिथवर चढून मागे फिरलेले असते तिथे सुरूच्या काटक्या, झावळ्यांचे तुकडे, कुर्ल्यांची रिकामी कवचे आणि फेसाचा वाळलेला पापुद्रा यांची लांबलचक नागमोडी ओळ पडलेली असते, आणि समुद्राने रात्री काय काय आणले ते त्या ओळीत वाचता येते.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात याच रेघेपाशी मी चपलेतली वाळू झटकायला खाली बसले, तेव्हा काटक्यांमध्ये अडकलेले काही पांढरे-निळे तुकडे मला दिसले. नखाएवढे, त्रिकोणी, एक बाजू कात्रीने सरळ कापलेली आणि दुसऱ्या बाजूला चिकटवलेल्या शिवणीची बारीक खरबरीत पट्टी. हातात घेतल्यावर ओळखायला क्षणभरही लागला नाही, कारण त्याच सकाळी तसाच एक तुकडा मी स्वतः ओट्यावर कापून टाकला होता. ते दुधाच्या पिशव्यांचे कोपरे होते. बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढ्या अंतरात मला तसे अकरा मिळाले.

आमच्या घरी रोज दोन पिशव्या दूध येते, म्हणजे वर्षाला ७३० कोपरे झाले. इमारतीत सोळा बिऱ्हाडे आहेत. सगळ्यांचा हिशेब तसाच धरला तर आकडा ११,६८० वर जातो. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून ठेवली तर भंगारवाला ती वजनावर घेतो, कारण ते चांगल्या प्रतीचे पॉलिथिन असते आणि त्याला पुन्हा मागणी असते. कोपऱ्याला मात्र कोणी विचारत नाही. तो ओट्यावरून मोरीत जातो, नाहीतर केरात पडतो आणि केराच्या गाडीत चढवतानाच वाऱ्यावर उडून जातो. त्या दिवसापासून मी एवढेच केले की कोपरा पूर्ण कापायचा नाही. कात्रीने तिरकी चीर द्यायची आणि शेवटचा दोन-तीन मिलिमीटरचा भाग तसाच राखायचा, म्हणजे तो पिशवीलाच लोंबत राहतो. दूध ओतताना तो पहिले काही दिवस मध्ये येतो आणि धार वाकडी पडते; अंगठ्याने मागे दाबून धरला की ती पातेल्यात नीट पडते. आता माझ्या सासूबाईही अशीच चीर देतात, आणि कोणी पाहुणी कात्री घेऊन पिशवीकडे वळली की तिच्या हातून कात्री काढून घेतात.

किनाऱ्यावर नेमके असले बारीक तुकडेच एवढे का सापडतात, हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस पुरला. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन साधारण १.०२५ किलो भरते. पिशव्यांचे पॉलिथिन आणि टोपणांचे पॉलिप्रॉपिलीन हे दोन्ही त्याहून हलके असतात, म्हणून ते तरंगतात. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात ते मात्र पाण्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जड असते. टोपण घट्ट लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेमुळे तरंगत किनाऱ्याला लागते. टोपण निघालेली बाटली पाणी भरून तळाशी बसते आणि तिचे टोपण एकटेच वर तरंगत राहते. भरतीच्या रेघेवर बाटल्यांपेक्षा टोपणे कितीतरी जास्त दिसतात, त्यावरून उरलेल्या बाटल्या कुठे असतील याचा अंदाज करता येतो. वर राहिलेले प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते, लाटांनी फुटते आणि पाच मिलिमीटरपेक्षा लहान झाले की त्याला सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. तेवढा बारीक तुकडा वाळूतून वेचून काढायचा कसा, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही, आणि म्हणूनच माझे सारे लक्ष घरातून बाहेर पडणाऱ्या वस्तूवर आले.

आमच्या इमारतीच्या मागून एक पऱ्या, म्हणजे लहान ओढा, वाहतो. दिवाळीनंतर तो आटत जातो आणि मग पावसाळ्यापर्यंत त्यात पालापाचोळा आणि वरच्या वस्तीतून उडालेला कचरा साठत राहतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मृगाची पहिली मोठी सर आली की कित्येक महिन्यांची ही साठवण एका दुपारीत खाडीत जाते, खाडीतून ओहोटीबरोबर बाहेर पडते आणि पावसाळी वारा तिच्यातला तरंगणारा भाग पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतो. मुंबईकरांना हे वेगळ्या शब्दांत सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा गटारे तुंबण्याच्या कारणांमध्ये पातळ पिशव्यांचे नाव सर्वांच्या तोंडी होते आणि पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली.

त्यानंतर कायदा पुष्कळच पुढे गेला. २३ मार्च २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेत पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये आणि त्यानंतर २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद अशी तरतूद आली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने सरबताच्या नळ्या, चमचे, ताटल्या, कानकोरण्याच्या प्लॅस्टिक काड्या, सजावटीचे थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरचे पातळ वेष्टन अशा अनेक वस्तू देशभर बंद केल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरवली. हे कायदे झाले याचा मला मनापासून आनंद आहे, कारण माझ्या एकटीच्या चिरीने जे होणार नाही ते कायद्याने होऊ शकते. तरीही बाजारात पातळ पिशवी मिळते, ती मागणारे ग्राहक आपल्यातलेच असतात आणि शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे, गुटख्याच्या पुड्यांचे फाडलेले पट्टे यांना या यादीत जागाच नाही. या पाकिटांमध्ये वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे भंगारातही त्यांना किंमत येत नाही. माझ्या पाहण्यात किनाऱ्यावर सर्वांत जास्त काळ रंग टिकवून राहणारा कचरा हाच.

माझ्याकडूनही एक मोठी चूक झाली, ती इथे लिहायलाच हवी. दुकानात कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या मिळू लागल्या तेव्हा मी त्या कापडीच समजून घरात साठवल्या, भेट म्हणूनही वाटल्या. गच्चीवर दोरीला अडकवून ठेवलेली त्यातली एक पिशवी एका उन्हाळ्यानंतर हातात घेतली तर तिचा पीठ झाल्यासारखा चुरा झाला आणि बोटांना बारीक धागे चिकटले. तेव्हा चौकशी केली आणि कळले की त्या न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, म्हणजे प्लॅस्टिकच्याच. तो चुरा मी ओल्या फडक्याने टिपून घेतला, पण गच्चीच्या पन्हळीतून किती वाहून गेला असेल याचा विचार आला की आजही चुटपुट लागते. आता पिशव्या घरीच शिवते. जुन्या सुती साडीच्या एका पदरात दोन होतात. तळाला दुहेरी शिवण घातली तर पाच किलो तांदूळ सहज पेलतात.

किराण्याचे आणि भाजीचे जमवणे सोपे गेले. मासळीचे जमायला वेळ लागला, कारण मासळीला पाणी सुटते आणि कापडी पिशवीत ती आणता येत नाही. मिरकरवाड्याच्या बंदराला बोटी लागल्या की मी ज्या भाभींकडून मासळी घेते, त्यांच्यासमोर पहिल्यांदा स्टीलचा डबा उघडला तेव्हा त्या म्हणाल्या, "डबा कशाला ताई, पिशवीचे मी कुठे पैसे घेते?" मी म्हटले, "तुमचेच पैसे वाचतील." त्या हसल्या, पण बांगडे डब्यात घातले. आता माझी तयारी ठरलेली असते: मोठा डबा बांगडे किंवा सौंदाळ्यांसाठी, लहान डबा कोळंबीसाठी, आणि डब्याला घट्ट बसणारे कडीचे झाकण, कारण रिक्षात डबा कलंडला तर शेजारी बसलेल्याच्या कपड्यांना दिवसभर वास येतो. भाभी मासे टोपलीतून उचलून दोनदा झटकतात, पाणी निथळू देतात आणि मगच डब्यात ठेवतात. पिशवीत घालताना एवढा वेळ त्या कधी देत नसत. घरी आल्यावर डबा तसाच मोरीत ठेवून मासे साफ करता येतात, ही सोय तर पिशवीत कधीच नव्हती. गेल्या वर्षी एकदा भाभी आपणहून म्हणाल्या की पिशव्यांचा गठ्ठा त्यांना स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो आणि आता रोजची चार-पाच गिऱ्हाइके डबा आणतात. मला त्या दिवशी फार बरे वाटले.

बाकी बदल थोडक्यात सांगते. भांडी घासायला नारळाचा काथ्या घेतला, कारण प्लॅस्टिकच्या घासणीचे झिजलेले तंतू मोरीतूनच बाहेर जातात. आपल्या भागात माडांची कमतरता नाही. प्रवासात पाण्याची बाटली आणि चहासाठी पेला बरोबर असतो. कागदी कप मला पूर्वी निरुपद्रवी वाटत असे, पण त्याला आतून प्लॅस्टिकचे पातळ अस्तर असते. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटे राहिले तर त्यात सूक्ष्मप्लॅस्टिकचे सुमारे २५,००० कण उतरतात. हळदीकुंकवाला आम्ही आता भाड्याने पेले आणतो आणि जेवणावळीला केळीची पाने किंवा पळसाच्या पत्रावळी. यात नवे काहीच नाही, माझ्या आजीच्या घरी दुसरी पद्धतच नव्हती.

निर्माल्याविषयी मात्र मला थोडे जास्त बोलायचे आहे. खाडीवरच्या पुलावर गाडी थांबवून, काच खाली करून, निर्माल्याची गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात टाकणारी माणसे मी अनेकदा पाहिली आहेत, आणि ती श्रद्धाळू, सज्जन माणसेच असतात. देवाला वाहिलेली फुले पायदळी येऊ नयेत ही भावना मलाही पटते. पण गाठ मारलेल्या पिशवीत फुले पाण्यात मिसळतही नाहीत. ती आत कुजतात आणि पिशवी फुगून तरंगत राहते. आम्ही निर्माल्य गच्चीवरच्या एका जुन्या माठात घालतो आणि वर थोडी माती टाकतो. दोन-अडीच महिन्यांत त्याचे खत होते आणि ते घरच्याच जास्वंदीला घालतो, म्हणजे फुले पुन्हा देवाकडे जातात. गणपतीच्या दिवसांत शेजारच्या तीन घरांचे निर्माल्यही याच माठात येते.

या सगळ्याचा समुद्रातल्या जिवांशी किती थेट संबंध आहे, हे मला वेळासला समजले. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले, आणि आज आपल्या जिल्ह्याच्या अनेक किनाऱ्यांवर गावकरी ही घरटी राखतात. घरट्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर वाळूतून वर आलेले तळहाताएवढेही नसलेले पिल्लू ओल्या वाळूवरून पाण्याकडे निघते, वाटेत पडलेल्या काटकीला वळसा घालते, थांबते आणि पुन्हा चालू लागते. ते पाहताना वाटेत पडलेले एक टोपणही मला डोंगरासारखे वाटले होते. कासवे पिशवीला जेलीफिश समजून खातात असे आपण ऐकत आलो, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॉगरहेड जातीच्या कासवांवरील एका प्रयोगात आणखी एक कारण पुढे आले. समुद्रात काही आठवडे राहून शेवाळ व सूक्ष्मजीव वाढलेल्या प्लॅस्टिकच्या वासाला कासवे खाद्याच्या वासासारखाच प्रतिसाद देत होती. वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी सुरू केलेल्या सफाईनंतर मार्च २०१८ मध्ये तिथे कासवांची पिल्ले दिसली, ही बातमी वाचली तेव्हा मी ती घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती.

कोळी बांधवांना दोष देणारे बोलणे मला आवडत नाही. त्यांची जाळीही नायलॉनची असतात आणि हरवलेले जाळे समुद्रात वर्षानुवर्षे जीव अडकवत राहते, हे खरे. पण जाळ्यात सापडलेले कासव किंवा डॉल्फिन सोडवण्यासाठी स्वतःचे जाळे कापणारेही तेच आहेत, आणि २०१८ पासून राज्य सरकार अशा जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते.

जाळ्यावरून आठवले. मागच्या मे महिन्यात भाभींच्या मुलाने बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, टाकाऊ जाळ्याचा एक तुकडा आम्हाला दिला आणि आम्ही इमारतीतल्या चार जणींनी तो पऱ्याच्या मोरीपाशी दोन बांबूंना ताणून बांधला. पहिल्याच पावसात त्यात इतका पाला अडकला की पाणी तुंबून अंगणात आले आणि भर सरीत छत्री टाकून आम्हाला तो हाताने उपसावा लागला. मग वरच्या अंगाला मोठ्या आसाचे दुसरे जाळे बांधले, म्हणजे पाला तिथे अडकतो आणि बारीक कचरा खालच्या जाळ्यात येतो. पावसाळाभर आम्ही पाळीपाळीने रोज सकाळी दोन्ही जाळी झटकत होतो. खालच्या जाळ्यातून निघालेले सारे एका बरणीत भरून जिन्याखाली ठेवले आहे: टोपणे, शाम्पूच्या पुड्यांच्या कडा, पेनांची झाकणे आणि दुधाच्या पिशव्यांचे कोपरे. दिवाळीपर्यंत पहिल्या मजल्यावरच्या तिन्ही घरांतून चीर द्यायला सुरुवात झाली होती. यंदा खालचे जाळे एका बाजूने विरले आहे, ते मृगापूर्वी बदलायचे आहे, आणि त्यासाठी उद्या डबा घेऊन मिरकरवाड्याला जाईन तेव्हा भाभींना विचारणार आहे.