नफा नाही, मग भाडं एवढं का? तुम्ही विचारलंत म्हणून

बेळगावजवळच्या उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांत कामाला असलेली माणसं भाड्याच्या घरांची सहकारी सोसायटी काढायचं बोलू लागली की हा प्रश्न हमखास येतो: नफा घ्यायचाच नाही, तर हिशेबात निघालेलं भाडं शेजारच्या घरमालकापेक्षा जास्त कसं? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मिळण्याआधीच बऱ्याच योजना मोडतात.

इथे घर सोसायटीच्या नावावर असतं. सभासदाकडे शेअर आणि राहण्याचा हक्क. मुंबईत गावदेवीची सारस्वत सोसायटी 1915 साली याच धर्तीवर सुरू झाली, म्हणजे कल्पना परकी नाही. भाडं किती, तर जेवढा खर्च तेवढं.

आता खर्च मांडू. समजा 12 घरांची इमारत, जागा वगळून खर्च दीड कोटी. दहा टक्के, म्हणजे घरामागे सव्वा लाख, सभासदांचे शेअर. उरलेलं 1 कोटी 35 लाख कर्ज, 9 टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता सुमारे 1 लाख 21 हजार, घरामागे 10,122 रुपये. अजून घरफाळा भरलेला नाही, पंप चालवलेला नाही, आणि आकडा दहा हजारांवर गेला. तेवढंच कर्ज 6 टक्क्यांनी 30 वर्षांसाठी मिळालं, तर हप्ता घरामागे 6,745 वर येतो. इमारत तीच, विटा त्याच. भाडं ठरवतात व्याज आणि मुदत, म्हणून समितीने पहिले सहा महिने कंत्राटदाराशी घासाघीस करण्याऐवजी कर्जाच्या मागे लागावं.

हप्त्यावर बाकीचं चढतं. घरफाळा, विमा, जिन्यातले दिवे, पंपाचं बिल, झाडलोट: घरामागे 900 धरा. हिशेबनीस आणि ऑडिट 150. दुरुस्ती निधी 1,042. हा कुठून आला ते पुढे सांगतो. या सगळ्या बेरजेवर 3 टक्के रिकाम्या घरांसाठी आणि थकबाकीसाठी. ही तरतूद दिसते त्यापेक्षा तोकडी आहे: वर्षात एकच घर चार महिने रिकामं राहिलं की ती संपते. म्हणून प्रतीक्षा यादी कायम तयार हवी. एकूण भाडं पहिल्या कर्जावर सुमारे 12,580, दुसऱ्यावर 9,100.

असं घर बाजारात 8 हजारांना मिळतंय असं धरलं, तर दोन्हीकडे सोसायटी महागच. पण बाजारभाडं दरवर्षी चढतं आणि व्याजदर स्थिर असेल तर हप्ता जागचा हलत नाही. बाजारभाडं आणि हप्त्याव्यतिरिक्तचा खर्च दोन्ही वर्षाला 5 टक्क्यांनी वाढले, तर 9 टक्क्यांच्या कर्जात बाराव्या वर्षाच्या सुमारास बरोबरी होते. 6 टक्क्यांच्या कर्जात चौथ्या वर्षीच. व्याजदर बदलता असेल तर हे गणित कोलमडतं, सही करण्याआधी तेवढं वाचा. बारा वर्षं जादा भाडं सोसायची ताकद नसेल, तर तसं पहिल्याच सभेत स्पष्ट बोलावं. जागा फुकट किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळाली नाही, तर तिची किंमतही या हप्त्यात येऊन बसेल.

दुरुस्ती निधीवर हटून बसा. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना पोटनियमांत, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के दुरुस्तीसाठी आणि 0.25 टक्के सिंकिंग फंडासाठी (पुढच्या मोठ्या कामांसाठी राखायचा निधी) ठेवायला सांगितलं आहे. कर्नाटकात ते लागू नाहीत, पण आकडा उचलायला हरकत नाही. दीड कोटीचा एक टक्का म्हणजे वर्षाला दीड लाख, तेच घरामागे महिन्याला 1,042. बेळगाव-खानापूरचा पाऊस हा निधी खातोच. गच्ची 2,400 चौरस फूट, वॉटरप्रूफिंग फुटाला 80 रुपये धरलं, तर एका वेळेला 1 लाख 92 हजार. दर आठ वर्षांनी करायचं म्हटलं तरी एकट्या गच्चीचे घरामागे महिन्याला 167 बाजूला पडायला हवेत. काम मार्च ते मे या काळात उरका. जूनमध्ये ओल्या स्लॅबवर केलेलं वॉटरप्रूफिंग पुढच्या पावसाळ्यात फुगून सुटतं, आणि वरच्या मजल्यावरचा सभासद भाडं अडवून धरतो. अडवणारच.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. शहापूर-वडगावात पतसंस्था पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे वार्षिक सभेत शिल्लक दिसली की लाभांश मागायची सवय. भाड्याच्या सोसायटीत ती शिल्लक म्हणजे उद्याची गच्ची. पोटनियमांत लाभांश शून्य लिहा. घर सोडणाऱ्याला शेअर मूळ किमतीला परत, वर काही नाही, हेही तिथेच लिहा. नाहीतर जाणारा नव्या माणसाकडून पागडी घेतो, आणि खर्चाचं भाडं फक्त पहिल्या 12 कुटुंबांपुरतं उरतं. पोटनियम सहकार खात्यात कन्नडमधून जातात. प्रत्येक सभासदाला सहीच्या आधी मराठी तर्जुमा द्या आणि ही दोन कलमं मोठ्याने वाचा.

शेवटचा हप्ता फिटतो तेव्हा खरी परीक्षा होते. भाडं एकदम खाली आणा, किंवा घरं नावावर करून विकून टाका, अशा दोन मागण्या येतात. डेन्मार्कमध्ये सामाजिक घरांचं, म्हणजे नफा न घेता भाड्याने दिलेल्या घरांचं, कर्ज फिटलं तरी भाडेकरू तेवढी रक्कम भरत राहतात. तिचा मोठा भाग 1967 पासूनच्या राष्ट्रीय निधीत जाऊन जुन्या वसाहतींची दुरुस्ती होते. आपल्याकडे असा निधी नाही. म्हणून कर्जाआधीच ठराव करा: फिटल्यावर हप्त्याची निम्मी रक्कम भाड्यातून कमी होईल, निम्मी पुढच्या इमारतीच्या शेअर भांडवलात जाईल. वीस वर्षांनंतर हा ठराव मंजूर होणं अवघड, आज 12 कुटुंबं एका सतरंजीवर बसलेली असताना होतो.