गाठीतलं एन्झाइम आणि पुण्याचा पावसाळा

स्ट्रेप्टोझोटोसिन या रसायनाने उंदरांच्या मूत्रपिंडात उठवलेल्या गाठींत ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइम घटतं, ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज हे दुसरं वाढतं. हे गाठीच्या पातळ कापावर रंगवून दाखवायचं तर ऊती टिकवणारं फॉर्मॅलिन विसरा, त्यात एन्झाइम निकामी होतात.

तुकडा द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात गोठवा. थेट नायट्रोजनमध्ये टाकला की भोवती वायूचं आवरण बसतं, गोठणं रेंगाळतं आणि बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. गोठलेल्या तुकड्याचे काप काढणारं यंत्र, क्रायोस्टॅट, उणे २० अंशांवर, काप ८ मायक्रॉनचे. जुलैत पुण्याची हवा इतकी दमट, की गोठवलेली कापांची डबी गार असतानाच उघडली तर कापाच्या काचेवर लगेच पाणी धरतं. डिहायड्रोजनेज विरघळणारं, पाण्यासोबत तेही पसरतं. म्हणून रंगद्रावणात ते घट्ट करणारं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हवंच. ढवळायला चिकट, वैतागवाणं, पण पर्याय नाही. डिहायड्रोजनेज काम करतं तिथे निळा रंग देणारं टेट्राझोलियम अंधारात ठेवा. शेजारचा एक काप ग्लुकोज-६-फॉस्फेट, म्हणजे डिहायड्रोजनेज ज्यावर काम करतं तो पदार्थ, न घालता रंगवा; तोही निळा झाला, तर गाठीतल्या निळ्यावर भरवसा नको.