कव्हरवर दोन नावं

प्रोड्यूसर मित्रानं पाठवलेली बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, १४० बीपीएमची (मिनिटाला १४० ठोके) होती, पण स्नेअर ड्रमचा कडक आवाज चारांतल्या तिसऱ्या ठोक्यावर पडत असल्यानं मान ७०च्या चालीनंच डोलत होती. ट्रॅप या हिप-हॉपच्या प्रकारात रॅपरची मजा हीच असते. संथ ठोक्यावर रेलून बोला, नाहीतर हाय-हॅट झांजांच्या ट्रिपलेटसोबत, म्हणजे तीन-तीनच्या जलद चालीसोबत, पळा. मी पहिल्या कडव्यात रेललो, दुसऱ्यात पळालो. माझं रेकॉर्डिंग ऐकून त्यानं ड्रॉप, म्हणजे बीट पूर्ण जोरात येते ती जागा, पुन्हा बांधला.

खरी ओढाताण मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, झाली. ८०८चा बेस, म्हणजे १९८०च्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या किकचा लांबवलेला, सुरात लावलेला वंशज, माझ्या खर्जातल्या आवाजाला गिळत होता. मी म्हणालो, बेस उतरव. तो म्हणाला, मग याला ट्रॅप कशाला म्हणायचं? शेवटी त्यानं माझ्या आवाजातली खालची घरघर कापली आणि ८०८वर सॅच्युरेशन, म्हणजे मुद्दाम आणलेली हलकी विकृती, चढवलं. मूळ सुराच्या वरचे हार्मोनिक्स (उपसूर) उमटल्यानं फोनच्या बारक्या स्पीकरवरही बेस कळू लागला, आणि मग पातळी उतरवायला तो आपणहून तयार झाला.

वाटणी आम्ही रिलीजआधीच लिहून काढली. रचनेचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. बोल माझे, संगीत त्याचं, म्हणून रचना अर्धी-अर्धी. मास्टरमध्ये, म्हणजे अंतिम रेकॉर्डिंगमध्ये, मात्र त्याचा वाटा जास्त, कारण रेकॉर्डिंगपासून मिक्सपर्यंत सगळं त्यानंच केलं. ओळखीच्या रॅपर्सनी मला वेड्यात काढलं. तयार बीट विकत घेणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो, एवढंच मी म्हणालो.

गाणं स्ट्रीमिंग अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मवर दोघंही मुख्य कलाकार. त्याला नुसतं प्रोड्यूसर क्रेडिट दिलं असतं, तर गाणं त्याच्या प्रोफाइलवर आलंच नसतं. त्याच्याच नावाचा आणखी एक कलाकार निघाला, त्यामुळे योग्य प्रोफाइलची लिंक जोडावी लागली. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर निदान ७ दिवस आधी पाठवावं लागतं, म्हणून तारीख पुढची घेतली.

शिव्या काढलेल्या आवृत्तीला वेगळा आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकांचा ओळख-कोड. शिव्यांच्या जागा त्यानं रिकाम्या सोडल्या नाहीत, हाय-हॅटच्या रोलनं भरल्या. मला तीच जास्त आवडते. लोक मात्र शिव्यांचीच ऐकतात.