वुल्फ कटला झिपऱ्या म्हणणाऱ्यांसाठी

लेडीज डब्यात हल्ली एक तरी डोकं असं दिसतंच, वरती आखूड आखूड बटा, कपाळावर मधून भांग आणि दोन्हीकडे फ्लिक्स, आणि खाली मात्र लांब विरळ शेपट्या. वुल्फ कट. समोरच्या काकू एकदा बघतात, मग परत बघतात, चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की काय गं ही झिपरी, विंचरून तरी यायचं घरून. माझ्या आईचंही हेच मत आहे आणि ती ते मनात ठेवत नाही.

पण मला विचाराल तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जेवढे कट आले त्यात मुंबईला सगळ्यात सूट होणारा हाच आहे.

रील्सवाले असं बोलतात जणू हा कट काल-परवा कोणाच्या तरी डोक्यातून निघाला. याचं मूळ म्हणजे शॅग कट, मुद्दाम विस्कटल्यासारखे लेयर्स. तो न्यूयॉर्कच्या पॉल मॅकग्रेगर नावाच्या हेअरड्रेसरने हॉलिवूडच्या जेन फोंडाचा केला होता, १९७१ साली आलेल्या 'क्लूट' सिनेमासाठी, आणि त्याच रोलसाठी तिला ऑस्कर मिळालं. १९७० मध्ये तिला क्लीव्हलंडला अटक झाली होती तेव्हाचा मूठ वर केलेला पोलीस फोटो शोधून बघा, केस तेच. पुढे त्यात मलेट मिसळला, म्हणजे पुढून आखूड मागून लांब, कोरियन सलूनवाल्यांनी तो जरा मऊ केला आणि २०२०-२१ मध्ये सगळं जग घरात कोंडलेलं असताना टिकटॉकवर तो धो धो चालला. आपल्याकडे टिकटॉक जून २०२० मध्येच बंद झालेलं, त्यामुळे आपल्यापर्यंत ते सगळं इन्स्टाच्या रील्समधून आलं.

लॉकडाउनमध्ये चालला कारण तो घरी कापता येतो. सगळे केस पुढे घेऊन कपाळाच्या वर एक शेंडी बांधायची आणि टोक कापायचं, बस. मागच्या केसांना तिथपर्यंत यायला जास्त अंतर पडतं म्हणून सोडल्यावर ते लांब राहतात आणि वरचे आखूड, लेयर्स आपोआप. (पण रात्री अकरा वाजता किचनच्या कात्रीने करू नका प्लीज.)

आता मुंबईचा मुद्दा. आपल्यापैकी कितीतरी जणींचे केस मुळात वेव्ही आहेत, सरळही नाहीत आणि धड कुरळेही नाहीत, आणि आपण वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडत आलोय. केस सरळ करायला आधी रिबाँडिंग आलं, मग स्मूदनिंग, मग केराटिन, प्रत्येक वेळी हजारो रुपये घालवायचे आणि जुलै आला की मुळाकडून परत वाकडे. पावसाळ्यात इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि केसांमध्ये हायड्रोजन बाँड नावाचे जे कच्चे दुवे असतात ते ओलाव्याने सुटतात आणि दुसऱ्याच जागी परत जुळतात, म्हणून सकाळी अर्धा तास मशीन फिरवलेले केस दादरचा ब्रिज चढेपर्यंत फुगलेले असतात. यात पार्लरवालीचा दोष नाही आणि तुमचाही नाही. शॅगी कटला मात्र हे फुगणंच हवं असतं! फॉरेनच्या मुली त्यासाठी विकतचा सी सॉल्ट स्प्रे मारतात, आपल्याकडे दारात पाच मिनिटं उभं राहिलं की तेच काम फुकट होतं.

गडबड होते ती रील्समुळे. रीलमध्ये कट झाला की लगेच ब्लो ड्राय, गोल ब्रशने एकेक लेयर बाहेर वळवलेला, आणि आपण तो फोटो दाखवून म्हणतो ताई असाच हवाय. ताई करतेही. डोकं धुतलं की तो लुक नाल्यात. म्हणून माझं ऐका, त्या दिवशी केस धुवून, तसेच वाळवून, मशीन न लावता जा, म्हणजे तिला तुमची खरी वेव्ह कुठे वळते ते दिसेल. आणि केस पातळ असतील तर थिनिंगची कात्री लावायच्या आधी तिला थांबवा, खाली नुसतं शेपूट उरतं आणि मग ते वाढायची वाट बघत क्लचर लावून फिरावं लागतं.

बरं, पार्लरमध्ये हे नवीन आहे असंही नाही. भिंतीवरच्या त्या उन्हाने निळ्या पडलेल्या चार्टवर स्टेप कट, फेदर कट, यू कट कधीचे आहेत, आणि कपाळावरच्या केसांचं म्हणाल तर १९६० च्या 'लव्ह इन शिमला'पासून अख्खा देश साधना कट म्हणतोय. आमच्या इथल्या ताईने तर वुल्फ कट शब्द ऐकून घेतला, फोटो झूम करून बघितला आणि म्हणाली, अगं हा फेदरच आहे, वरून जास्त उडवलेला. रेटही फेदरचाच लावला.

एकच गोष्ट खरंच अडते. घरात लग्न असेल, नऊवारी नेसायची असेल, तर पुढचे सहा-आठ महिने हा कट करू नका. वरच्या बटा खोप्यात बसत नाहीत, पिनांचं अख्खं पाकीट संपतं आणि गजरा तरी सरकतोच.