जठर उजवीकडे दिसलं, तर पाठीचा कणाही बघा

गर्भाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘जठर उजवीकडे’ असं आलं की सगळे हृदयाकडे धावतात. धावायलाच हवं. अवयवांच्या डाव्या-उजव्याची सरमिसळ, म्हणजे हेटेरोटॅक्सी, असेल तर हृदयाचे गंभीर दोष नेहमीचेच. पण त्याच बैठकीत मेंदू आणि कणाही सावकाश बघावा. बहुतेक वेळा तिथे काही सापडत नाही, तरीही.

कारण डावं-उजवं ठरणं आणि न्यूरल ट्यूब, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी, घडू लागणं, ही दोन्ही कामं गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यातली. ‘नोड’ नावाच्या इवल्याशा खळग्यात पेशींवर सूक्ष्म केस असतात आणि ते भोवऱ्यासारखे फिरतात. सरळ उभे राहून फिरले असते तर द्रव जागच्या जागी घुसळला असता. ते शेपटीच्या बाजूला कललेले असतात. त्यामुळे डावीकडे जाताना फटका मोकळा बसतो आणि परतताना पृष्ठभागालगत अडखळतो. द्रव डावीकडे वाहतो आणि नोडल हे जनुक त्या बाजूला जोमाने चालू होतं.

हा कल सांभाळणाऱ्या जनुकांत व्हँगल-१ आणि व्हँगल-२ येतात. गर्भ लांब आणि अरुंद होऊन न्यूरल ट्यूबच्या कडा जवळ येतात, त्यालाही हीच यंत्रणा लागते. उंदरात व्हँगल-२च्या दोन्ही प्रती बिघडल्या की नळी मेंदूच्या मागच्या भागापासून खालपर्यंत उघडीच राहते. व्हँगल-१ आणि २ दोन्ही काढली तर केसांचा कल बिघडतो आणि डावं-उजवंही.

माणसातलं ठळक उदाहरण म्हणजे झिक-३ हे जनुक. हे एक्स गुणसूत्रावर असल्याने फटका मुख्यतः मुलग्यांना बसतो, वाहक आई सहसा ठणठणीत असते. हृदयाबरोबर माकडहाडाच्या वरचा कणा आणि गुदद्वार यांतही दोष दिसतात. झिक-३ गमावलेल्या एका जातीच्या उंदरांची शेपटी वाकडी असते आणि काहींचा मेंदू उघडा राहतो. सगळा दोष जनुकांवर ढकलू नये, हेही खरं: गर्भधारणेआधीपासूनचा, ताब्यात नसलेला आईचा मधुमेह डाव्या-उजव्याच्या आणि न्यूरल ट्यूबच्या, अशा दोन्ही दोषांची शक्यता वाढवतो.

स्कॅनमध्ये हमखास होणारी चूक अशी: हृदय आणि जठर एकाच बाजूला दिसले की ‘नॉर्मल’ लिहून मोकळं व्हायचं. सगळंच उलटं असेल तर दोन्ही उजवीकडे, पण एकाच बाजूला दिसतात! म्हणून आधी बाळाचं डोकं वर की खाली, पाठ कुठे, हे ठरवा. त्यावरून बाळाची डावी बाजू काढा आणि मगच जठर बघा. डोक्याचा लिंबासारखा आकार किंवा केळ्यासारखा वाकलेला लहान मेंदू (डोक्याच्या मागच्या भागातला सेरेबेलम) दिसला, तर कणा मणक्यागणिक तपासावा.

फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून. आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष असेल तर डॉक्टर दहापट, 4 मिलिग्रॅम देतात. आपल्याकडे सहसा 5ची गोळी मिळते. नळी गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटलेली असते, त्यामुळे पाळी चुकल्यावर सुरू केलेल्या गोळीला फार थोडे दिवस उरतात. झिक-३चा बिघाड मात्र गोळीने दुरुस्त होत नाही.

गर्भ गमवावा लागला तर त्या गडबडीत एक गोष्ट राहून जाते. गर्भ टिकवायला वापरतात त्या फॉर्मेलिनमध्ये डीएनए खराब होतो आणि जनुकांची तपासणी अवघड होते. शवविच्छेदनाला पाठवण्याआधीच त्वचेचा छोटा तुकडा सलाइनमध्ये किंवा नाळेचं रक्त ईडीटीए बाटलीत (हिच्यात रक्त गोठत नाही) वेगळं काढून ठेवायला सांगा, आणि आईवडिलांचं रक्तही घ्या.