पोपट नमस्कार करायला कुठे शिकला?

आमचं काम म्हणजे जुन्या लॅटिन ज्ञानकोशांच्या डिजिटल आवृत्तीत प्रत्येक वाक्य मुळात कुठून आलंय ते शोधून टॅग लावणं. परवा इसिडोरचा पोपट आला आणि अख्खा दिवस गेला.

इसिडोर हा स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप, ६३६ मध्ये वारला, त्याचा कोश २० भागांचा आहे, त्यातला बारावा प्राण्यांचा. पोपट भारतातला, हिरवा, गळ्याला लाल पट्टा. कंठ फुटलेला आपला पोपटच की! रंग आणि पट्टा पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाकडे सापडतात, जीभ रुंद म्हणून शब्द स्पष्ट येतात हे त्याच्या नंतरच्या सोलिनस या लॅटिन संकलकाकडे, आणि सोलिनसने बरचसं प्लिनीकडूनच घेतलेलं. इथवर सरळ होतं.

पुढे इसिडोर म्हणतो की पोपट नमस्कार उपजतच करतो, बाकीचं शिकवावं लागतं. प्लिनीत हे नाही, तो एवढंच म्हणतो की पोपट सम्राटांना नमस्कार करतो आणि ऐकलेले शब्द बोलतो. मग उपजत कुठून आलं? तर इसिडोर लगेच खाली दोन ओळी देतो, कवीचं नाव न घेता. त्या रोमन कवी मार्शलच्या, सणाला द्यायच्या भेटवस्तूंसाठी लिहिलेल्या ओळींपैकी. त्यात पोपटच म्हणतो की बाकीची नावं तुमच्याकडून शिकेन, 'सीझर, नमस्कार' मात्र माझं मीच शिकलो. म्हणजे सम्राटाची खुशामत, आणि इसिडोरकडे तोच प्राणिशास्त्राचा पुरावा झाला!

सहकारी म्हणाला, सोर्स म्हणून मार्शलचं नाव टाक आणि पुढे चल, शेवटी कॉपी-पेस्टच आहे. हे ऐकलं की मला खरंच राग येतो. शब्द उचललेले असले तरी ते कशाशेजारी ठेवले त्यातून नवीन विधान तयार झालं ना, ते ना प्लिनीचं ना मार्शलचं. आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सोर्सला एकच रकाना!

तेराव्या शतकातला ज्ञानकोशकार व्हिन्सेंट ऑफ बोव्हे यापेक्षा काटेकोर होता. समासात लिहिलेली नावं नकला करताना भलत्या उताऱ्यापुढे सरकतात म्हणून त्याने लेखकांची नावं मजकुराच्या ओळीतच घातली, स्वतःच्या वाक्यांना वेगळी खूण केली, आणि ॲरिस्टॉटलचे उतारे मी नाही, दुसऱ्या मठबंधूंनी काढलेत हेसुद्धा सांगून टाकलं.

मी दुसरा रकाना मागितलाय, संकलकाने त्या उताऱ्याचं काय केलं ते लिहायला. तो मिळेपर्यंत पोपटाची नोंद मी बंद करणार नाहीये.