कॉकाटील नर की मादी : पहिल्या मोल्टिंगच्या नोंदी

कॉकाटील या तुरेवाल्या लहान पोपटाच्या तीन पिलांची ही नोंद आहे, त्यांचे पहिले मोल्टिंग, म्हणजे जुनी पिसे झडून नवी येणे, पूर्ण होईपर्यंतची. त्यांची नावे रंगप्रकारावरूनच आहेत : ग्रे म्हणजे साधा राखाडी, पर्ल म्हणजे पिसांवर मोत्यांसारखी नक्षी असलेला आणि पाईड म्हणजे अंगावर रंगद्रव्य नसलेले फिकट भाग असलेला. ग्रे आणि पर्ल ही एकाच घरट्यातली भावंडे असून त्यांचे आईवडील मी स्वतः पाहिले आहेत. तिसरे पाईड दुसरीकडून आले आणि त्याच्या पालकांविषयी काहीच माहिती मिळाली नाही. तिघांचे वय जवळजवळ सारखे आहे. पिलू घेताना 'नर की मादी' असे विचारले की विक्रेता लगेच उत्तर देतो. पण पिलाचा रंगप्रकार कोणता आणि त्याचे पालक कोण, हे ठाऊक नसेल तर त्या वयात त्या उत्तराला कसलाही आधार नसतो, असे माझे ठाम मत आहे.

तिसरा महिना. ग्रे रंगाचे प्रत्येक पिलू, मग ते नर असो वा मादी, या वयात मादीसारखेच दिसते. चेहरा राखाडी, गालावरचा केशरी ठिपका फिकट, शेपटीच्या खालच्या बाजूला पिवळसर आडवे पट्टे आणि उड्डाणपिसांच्या आतल्या बाजूला फिकट पिवळे ठिपके, अशी त्याची खूण असते. ओटीपोटाची हाडे चाचपून निदान करण्याची पद्धत बाजारात सर्रास चालते. मात्र ती हाडे अंड्यावर येणाऱ्या प्रौढ मादीतच नीट फाकलेली लागतात, त्यामुळे पिलाला त्यासाठी मुठीत धरून घाबरवण्यात काहीच अर्थ नाही.

पर्लचा निर्णय मात्र याच महिन्यात कागदावर लागला. पक्ष्यांत नराला दोन झेड गुणसूत्रे असतात, तर मादीला एक झेड आणि एक डब्ल्यू. पर्लचा जनुक झेडवर बसतो आणि तो अप्रभावी आहे. म्हणून नर पिलू पर्ल दिसण्यासाठी त्याला तो जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही मिळावा लागतो, तर मादीला झेड फक्त वडिलांकडून मिळत असल्याने तिला एकच पुरतो. या पिलांची आई साधी ग्रे आहे. पर्ल मादी मोल्टिंगनंतरही पर्लच राहते, त्यामुळे प्रौढ मादी ग्रे दिसते याचाच अर्थ तिच्याकडे तो जनुक नाही. तेव्हा तिच्या घरट्यातले पर्ल पिलू मादीच असणार. लुटिनो आणि सिनॅमन या रंगांनाही हाच हिशेब लागू पडतो, कारण तेही झेडशी जोडलेले आहेत. एक अट मात्र पाळावी लागते : जोडी स्वतंत्र पिंजऱ्यात असली पाहिजे. अनेक जोड्या एकत्र सोडलेल्या कॉलनीत बाप कोण आणि अंडे कोणाचे, याची खात्री देता येत नाही.

ग्रे भावंडाविषयी हाच हिशेब अर्ध्यावर थांबतो. वडील ग्रे दिसतात. ते पर्लला स्प्लिट असतील, म्हणजे त्यांच्या एकाच झेडवर तो जनुक असेल, तर सरासरी चार पिलांमागे दोन ग्रे नर, एक पर्ल मादी आणि एक ग्रे मादी निघते. म्हणजे ग्रे पिलू नर असण्याची शक्यता तीनात दोन. परंतु पर्ल नराची नक्षी पहिल्या मोल्टिंगनंतर बहुधा पुसली जाते आणि तो साध्या ग्रे नरासारखा दिसू लागतो. वडील असे नक्षी गमावलेले पर्ल असतील, तर त्यांच्या सगळ्या मुली पर्लच होतील आणि ग्रे पिलू निश्चितच नर ठरेल. ब्रीडरने तो नर प्रौढ असतानाच घेतला होता आणि त्याचा लहानपणीचा फोटो नाही, त्यामुळे हा धागा तिथेच सोडला. पर्ल रंग पाळणाऱ्यांनी नराचा पिलूपणीचा फोटो जपून ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण पुढच्या पिढीचे अर्धे कोडे त्या एका फोटोने सुटते.

सहावा महिना. पिसे झडू लागली. ग्रेच्या चोचीभोवती आणि डोळ्यांपुढे नव्या पिसांचे काटे उगवले आणि काट्यांवरचे पांढरे वेष्टण सुटताच आत राखाडीऐवजी पिवळे टोक दिसले. पिवळेपणा पसरत असताना चेहरा काही काळ ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. एवढ्यावर निकाल देऊ नये असे मला वाटते, कारण मादीच्या चेहऱ्यावरही पिवळट छटा असू शकते.

या काळात राळे आणि बाजरी यांच्या जोडीला उकडलेले अंडे व पालेभाजी वाढवली. नवी पिसे बहुतांशी प्रथिनांचीच बनतात.

आठवा महिना. खरी खूण शेपटीने दिली. पक्ष्याला हातात न धरता, दांडी डोळ्यांपेक्षा उंच लावून आणि मागे खिडकीचा उजेड ठेवून खालून फोटो काढावा, म्हणजे शेपटीचा तळ स्वच्छ दिसतो. ग्रेच्या शेपटीत जुने आणि नवे पीस शेजारी शेजारी होते. जुन्याच्या कडेने पिवळे-राखाडी पट्टे टोकापर्यंत गेलेले होते, तर नवे पीस मुळापासून टोकापर्यंत एकसंध, काळपट, एकही पट्टा नसलेले. गळालेले जुने पीस तारीख घालून पाकिटात ठेवले आहे. पंखाखालचे ठिपके सर्वांत उशिरा गेले, कारण मोठी उड्डाणपिसे एकेक करून बदलतात. वर्ष भरत आले तेव्हा चेहरा, शेपूट आणि पंख या तिन्ही खुणा जुळल्या आणि ग्रे नर असल्याची नोंद पक्की केली. शिट्टी, खांदे उचलून पंख हृदयाच्या आकारात धरणे, चोचीने भांड्यावर टकटक करणे, हे सगळे तो त्याआधीच करू लागला होता.

पर्लची नवी पिसे पुन्हा नक्षीदारच आली आणि शेपटीचे पट्टेही टिकले.

पाईडचा प्रश्न यातल्या कशानेच सुटला नाही. हा रंग १९४९ साली अमेरिकेत स्थिरावला आणि कॉकाटीलमधील सर्वांत जुना पाळीव रंगप्रकार मानला जातो. त्याचा जनुक लिंगाशी जोडलेला नाही, आणि रंगद्रव्य नसलेले भाग अंगावर कुठेही येत असल्याने चेहऱ्याचा पिवळेपणा वा शेपटीचा कोरा तळ यांतून काहीच सिद्ध होत नाही. पाईड शांत बसे, क्वचित एकच स्वर काढी, म्हणून पाहणारे सगळे त्याला मादी म्हणत. बुजरा किंवा नव्या जागेत आलेला नरही असाच गप्प राहतो, त्यामुळे वागणुकीला मी पुरावा मानत नाही. अंडे घातले तरच ती निर्विवाद खूण, आणि एकटी मादीही अंडी घालते.

म्हणून डीएनए चाचणी केली. छातीची काही पिसे मुळासकट काढून घ्यावी लागतात. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेल्या पिसांवर विसंबू नये, कारण मुळाशी पुरेशा पेशी राहिलेल्या नसतात. मुळाला बोट न लावता ती कागदी पाकिटात घालावीत आणि प्रत्येक पक्ष्याचे पाकीट वेगळे ठेवावे. चाचणीत सीएचडी जनुकाची झेडवरची आणि डब्ल्यूवरची प्रत तपासतात. लांबी वेगळी असल्याने मादीच्या नमुन्यात दोन पट्टे उमटतात, नराच्या एकच. पाईडच्या अहवालात 'नर' आले.

आता मांडणी अशी आहे. ग्रे आणि पर्ल ही सख्खी भावंडे असल्याने ती वेगळ्या पिंजऱ्यांत आहेत. पर्लच्या पिंजऱ्यात कॅल्शियम पुरवणारा कटलबोन कायम ठेवला आहे आणि दीड वर्ष पूर्ण होईपर्यंत तिला घरट्याचा बॉक्स द्यायचा नाही, कारण कोवळ्या वयात अंडे अडकण्याचा धोका मोठा असतो. त्यानंतर तिची जोडी पाईड नराशी लावायची आहे. पाईडमध्ये किंवा पर्लमध्ये दुसरा काही रंग दडलेला नसेल, तर या जोडीची सगळी पिले दिसायला ग्रेच निघतील. मुलगे पर्ल आणि पाईड या दोन्हींना स्प्लिट असतील, मुली फक्त पाईडला, आणि घरट्यात रंगावरून नर-मादी मुळीच ओळखता येणार नाहीत. नर पर्ल आणि मादी ग्रे असती तर ते पिसे फुटताच कळले असते. तेव्हा त्या पिलांच्या पायात पहिल्या दोन आठवड्यांतच क्रमांकाची रिंग घालून प्रत्येकाच्या शेपटीचा फोटो सहाव्या महिन्यापासून वेगळा ठेवणार आहे.